पान कोणत्या नोडवर पडलं?

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे तक्रार आली: दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसर चिपच्या) सर्व्हरवर थ्रेड दुप्पट केले तरी प्रोग्रॅमचा वेग जेमतेमच वाढतो. मी लॉक तपासले, कॅशे तपासली, चार दिवस घालवले. शेवटी एका सीनियरने येता-जाता विचारलं, "न्यूमा-मॅप्स बघितलंस का रे?" प्रॉकमधली, म्हणजे कर्नेल प्रोसेसची माहिती दाखवतो त्या डिरेक्टरीतली, ती फाइल उघडली, तर जवळजवळ सगळी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) नोड ० वर. नोड म्हणजे साधारण एक सॉकेट आणि त्याच्या जवळची मेमरी; दुसऱ्या नोडची मेमरी वापरता येते, पण ती हळू पडते. यालाच न्यूमा म्हणतात.

मॅलॉकने मेमरी मिळते असं आपण कॉलेजात शिकतो. मोठ्या ब्लॉकच्या बाबतीत तो नुसती पत्त्यांची जागा राखून ठेवतो. ४ केबीचं खरं पान हातात पडतं ते तिथे पहिल्यांदा लिहिताना, पेज फॉल्टमध्ये, म्हणजे पान नाही म्हणून कर्नेलला मध्ये यावं लागतं तेव्हा. आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर लिनक्स ते फॉल्ट घेणाऱ्या थ्रेडच्याच नोडवरून द्यायला बघतो. आमच्या मेन थ्रेडने सुरुवातीलाच अख्खा बफर मेमसेटने शून्य करून ठेवला होता! त्यामुळे दुसऱ्या सॉकेटवरचे थ्रेड दर वेळी शेजारच्या विहिरीवर पाण्याला जात होते. थ्रेड नोडला बांधले, ज्याचा त्याचा तुकडा ज्याला त्याला शून्य करायला लावला. एवढंच.

हे करून बघायला सर्व्हर लागत नाही. लॅपटॉपला बहुधा एकच नोड असतो, पण क्यूएमू या एम्युलेटरमध्ये दोन नोडचं मशीन उभं करता येतं. त्यात वेगातला फरक कळणार नाही, पानं कुठे पडतात ते मात्र कळेल. सिस्टिम दाखवते त्या नोडांमधल्या अंतरांच्या तक्त्यातले १० आणि २० म्हणजे नॅनोसेकंद नव्हेत, फर्मवेअरने सांगितलेलं सापेक्ष अंतर. (मी हे मुलाखतीत चुकलोय.)

'बाइंड' धोरणाचा, म्हणजे मेमरी ठरलेल्या नोडवरूनच घ्यायच्या सक्तीचा, मोह आवरा. तो नोड भरला, तर शेजारी कितीही जीबी मोकळी असली तरी ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नेलचा भाग) येऊ शकतो. बहुतेकदा 'प्रिफर्ड' (शक्यतो हा नोड, नाहीतर दुसरा) पुरतं. सगळेच थ्रेड वाचतात अशा टेबलाला 'इंटरलीव्ह' (पानं नोडांवर आळीपाळीने) बरं.

कर्नेलच्या आत केमॅलॉक-नोडला (नोड सांगून मेमरी मागायच्या फंक्शनला) दिलेला नोड ही विनंतीच असते. तिथे जागा नसेल तर दुसऱ्या नोडवरून मेमरी येते. 'धिस-नोड' फ्लॅग लावला तरच हट्ट, आणि मग नल (मेमरी मिळाली नाही) तपासणं आलंच. ड्रायव्हरमध्ये डिव्हाइसचा नोड विचारला की -१ सुद्धा येतो, म्हणजे नोड ठरलेला नाही. मी तो थेट अ‍ॅरेचा इंडेक्स म्हणून वापरला होता. पहिला पॅच त्यावरच परत आला.