भाडेकराराच्या ऑनलाईन नोंदणीत मालकांचा अंगठा लागत नव्हता, असा सुटला प्रॉब्लेम

आमचा लिव्ह अँड लायसन्स करार अडकला होता, माझा अंगठा, दोन्ही साक्षीदारांचे अंगठे पहिल्या झटक्यात लागले पण घरमालक काकांचा काही केल्या लागेना. वय झालं की रेषा झिजतात असं एजंट म्हणाला म्हणून हात धुऊन पुसून, दुसरी बोटं लावून, मशीन बदलून सगळं करून झालं. जाम वैताग आला.

शेवटी स्क्रीनवरचा एरर नीट वाचला, कोड ३३०. म्हणजे आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक आहे. काकांच्या मुलाने फ्रॉडच्या भीतीने कधीतरी लावून ठेवलं होतं, काकांना पत्ताच नाही.

मग हे केलं: मायआधार साईट उघडली, काकांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून लॉगिन, मग लॉक-अनलॉक बायोमेट्रिक्स, तिथे तात्पुरतं अनलॉक निवडलं. हे १० मिनिटंच उघडं राहतं, त्यामुळे मशीन जोडून, कराराचं पान उघडून एजंट तयार बसल्यावरच शेवटचं बटण दाबा. अंगठा लगेच लागला. नंतर लॉक आपोआप परत बसतं, ते चांगलंच आहे. आधारला जोडलेला मोबाईल मात्र जवळ हवा, तो मुलाकडे असेल तर आधीच फोन करून ठेवा.

आणि मालक "राहू दे, नोटरी करू" म्हणाले तर ऐकू नका, भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाचीच आहे.