एमसीपी सर्व्हरवर पुन्हा वापरता येणारे प्रॉम्प्ट कसे नोंदवावेत

तोच मजकूर दर वेळी नव्याने टाइप करावा लागू नये, यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एमसीपी, म्हणजे एआय अ‍ॅपला बाहेरची माहिती व साधने पुरवणाऱ्या सर्व्हरशी जोडण्याची ठरलेली पद्धत) प्रॉम्प्टची, म्हणजे एआय मॉडेलला द्यायच्या तयार सूचनांची, स्वतंत्र सोय आहे. प्रत्येक प्रॉम्प्टला वेगळे नाव द्यावे लागते. वर्णन ऐच्छिक असले तरी ते टाळू नये, कारण वापरणारा सहसा त्यावरूनच निवड करतो.

खरा विचार लागतो तो आर्ग्युमेंट, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये दर वेळी भरायची माहिती, ठरवताना. समजा, बैठकीच्या नोंदींचा सारांश काढायचा आहे. मग ‘नोंदी’ हे आर्ग्युमेंट अनिवार्य ठेवावे, ‘शब्दमर्यादा’ ऐच्छिक ठेवावे, आणि ती न दिल्यास १५० शब्द धरले जातील अशी तरतूद कोडमध्येच करावी. आर्ग्युमेंटची मूल्ये मजकुराच्या रूपात येतात, म्हणून हा आकडा आधी तपासून घ्यावा. ‘चांगला सारांश द्या’ एवढ्याने भागत नाही. ‘नोंदींत नसलेला निर्णय लिहू नये, जबाबदार व्यक्तीचे नाव नसेल तर “नमूद नाही” असे लिहावे’ इतकी नेमकी सूचना हवी. शिवाय नोंदींचा मजकूर ठळक खुणांमध्ये बंदिस्त करावा, नाहीतर त्यातले एखादे वाक्य मॉडेल आज्ञा समजून बसण्याचा धोका असतो, आणि खुणांनी तो कमी झाला तरी पूर्ण जात नाही.

क्लायंटने, म्हणजे सर्व्हरशी जोडलेल्या अ‍ॅपने, प्रॉम्प्टची यादी मागितली की नावे, वर्णने आणि आर्ग्युमेंट कळतात. विशिष्ट प्रॉम्प्ट मागितल्यावर सर्व्हर मूल्ये भरून तयार संदेश पाठवतो. अनिवार्य मूल्य नसेल, तर अर्धवट संदेश न देता -३२६०२ (अवैध पॅरामीटर) हा त्रुटी-क्रमांक परत करावा.