लग्नाला पंधरा-वीस वर्षं झाली, आता प्रेम कसं टिकवायचं

आपल्याकडे कोकणात नवरा-बायकोच्या प्रेमाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. संसार चाललाय ना, मुलं शिकतायत ना, पावसाआधी घर शाकारून झालं ना, बस्स, मग सगळं बरं चाललंय असं धरून चालायचं. आणि मग पंधरा-वीस वर्षांनी दोघं एकाच छपराखाली राहून फक्त कामापुरतं बोलायला लागतात आणि दोघांनाही वाटतं की एवढ्या वर्षांनी असंच होतं सगळ्यांचं. मला हे अजिबात पटत नाही. प्रेम टिकवता येतं, आणि त्याला पैसा वगैरे फार लागत नाही, रोजचं लक्ष लागतं.

आधी प्रेम म्हणजे काय ते बघू. रॉबर्ट स्टर्नबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये मांडलं होतं की प्रेमात तीन गोष्टी असतात, जवळीक, ओढ आणि बांधिलकी. आता आपल्या घरांकडे बघा. बांधिलकी भरपूर, कोणी कोणाला सोडून जात नाही. ओढ कमी-जास्त होत राहते, ते चालायचंच. पण जवळीक मात्र कोणाच्या लक्षातही न येता कमी होत जाते, म्हणून खरी मेहनत तिच्यावर घ्यायची.

त्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, तर हाकेला ओ देणं. समजा संध्याकाळी काका पडवीत मोबाईल बघत बसलेत आणि काकू खळ्यातून म्हणतात, "अहो, बघितलंत का, फणसाला कुयऱ्या धरल्यायत." आता काकूंना काय फणसाची माहिती द्यायची नाहीये, त्यांना तेवढ्यापुरतं माणूस शेजारी हवंय. काका मान वर न करता "हूं" म्हणाले तर काकू काही बोलणार नाहीत, भांडणार तर मुळीच नाहीत, पण असं रोज झालं की वर्षभराने त्या फणस दाखवायचं सोडून देतात, आणि मग काका म्हणतात हिला आता कशातच इंटरेस्ट नाही! तेच काका उठून चार पावलं आले, वर बघून म्हणाले, "अरे वा, यंदा खालपर्यंत धरलाय की," तर संपलं, एक मिनिटाचं काम.

जॉन गॉटमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सिएटलला नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं असलंच रोजचं बोलणं-वागणं टिपून ठेवलं आणि सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. जी जोडपी एकत्र राहिली होती त्यांनी एकमेकांच्या अशा छोट्या हाकांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी ३३ टक्के. म्हणजे चांगल्या जोडप्यांचंही शंभर टक्के नव्हतं हे लक्षात घ्या. कढईत मासे असतील तर "थांबा हां, एवढे तळले की येते" असं सांगितलं तरी चालतं, फक्त मग खरंच जायचं.

आता आपल्या भागातली खरी अडचण. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, येणं-जाणं सोपं झालं, तरी अजून कितीतरी घरात नवरा मुंबईला आणि बायको गावाला आहे, भेट गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. तिथे हाक फोनवरच येणार. आणि फोनवर काय बोलतात तर लाईटबिल भरलं का, सिलेंडर आला का, आईच्या गोळ्या संपल्या का. ही कामं व्हॉट्सॲपवर लिहून टाका ना, आणि बोलायला फोन वेगळा करा, दहा मिनिटांचा का असेना. "जेवलास काय?" झाल्यावर दुसरा प्रश्न विचारायचा, कोणाबरोबर जेवलास, काल तो साहेब ओरडला होता त्याचं पुढे काय झालं. काल सांगितलेलं आज आठवणीने विचारलं की समोरच्याला कळतं आपलं कोणीतरी ऐकतंय.

ट्रॉलरवर जाणाऱ्यांच्या घरी वेगळंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे जो माणूस सीझनभर बराचसा समुद्रात होता तो अचानक दोन महिने घरात. बायकोने तोवर घर एकटीने चालवलेलं असतं, मुलांना तिची सवय, आणि हा आल्या आल्या "हे इथे का ठेवलंय" सुरू करतो. पहिले काही दिवस घरात काही बदलायला जाऊ नका, जसं चाललंय तसं बघा, आणि तिच्याकडचं एखादं काम पूर्ण स्वतःकडे घ्या, बाजार म्हणा, मुलांना शाळेत सोडणं म्हणा. आणि बायकांनीही तो आला त्याच दिवशी साठलेल्या कामांची यादी हातात देऊ नये, दोन दिवस त्याला नुसतं घरी येऊ द्या.

चांगली बातमी आली की कसं वागता तेही बघा. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनात दिसलंय की जोडीदाराच्या चांगल्या बातमीत मनापासून रस घेतला तर नात्यातलं समाधान जास्त असतं. बचत गटाला कोकम आगळाची मोठी ऑर्डर मिळाली असं ती उड्या मारत सांगतेय आणि तुम्ही विचारता, "पैसे कधी देणार?" तर तिथेच तिचा चेहरा उतरतो. आधी "कोणी दिली, कसं जमवलंस, सांग सगळं" आणि पैशांचं उद्या.

भांडणं होणारच. गॉटमन यांच्या मते जोडप्यांचे ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, कारण ते स्वभावातून आणि आयुष्याबद्दलच्या वेगवेगळ्या अपेक्षांतून येतात. घराची वाटणी, आंब्याची कलमं विकायची की ठेवायची, मुलांना मुंबईला न्यायचं की नाही, हे विषय घराघरात वर्षानुवर्षं चालतात. तेव्हा जिंकायला जाऊ नका, आवाज न चढवता पुन्हा पुन्हा बोलता आलं तरी खूप झालं. छातीत धडधडायला लागलं की थांबा, निदान वीस मिनिटं, कारण त्या अवस्थेत समोरचा काय म्हणतोय ते डोक्यात शिरतच नाही. पण थांबताना "जेवण झाल्यावर बोलू" असं सांगून थांबा. नुसतं गप्प बसून चार-चार दिवस अबोला धरणं हे थांबणं नाही, शिक्षा आहे. आणि "बाबांना सांग जेवायला वाढलंय" असे निरोप मुलांकरवी पाठवणं तर आजच बंद करा, पोरांना सगळं कळतं आणि ती घाबरतात.

हे सगळं भांडण-रुसव्यापुरतं हां. मारहाण असेल, दारू पिऊन रोजचा छळ असेल तर प्रेम टिकवायची जबाबदारी बाईने डोक्यावर घेऊ नये, १८१ ही महिला हेल्पलाईन आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, मदत घ्या.

स्पर्शाबद्दलही बोललं पाहिजे. एकत्र घर, पातळ भिंती, बाजूला मुलं झोपलेली, त्यात चाळिशीनंतर कोणाला शुगर, कोणाची पाळी जायची वेळ, आणि लाजेपोटी दोघंही गप्प. एकमेकांना सांगा, गरज असेल तर डॉक्टरला सांगा. आणि रोज जाता-येता खांद्यावर हात, डोक्याला तेल, एवढं तरी सोडू नका.

शेवटचं म्हणजे दोघांनी मिळून काहीतरी नवीन करा. आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली छापलेल्या प्रयोगात जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून, दोघांच्या मध्ये उशी धरून, गाद्यांवरून रांगायला लावलं होतं, सात मिनिटांचा खेळ, आणि तेवढ्यानेही त्यांना आपलं नातं जास्त छान वाटायला लागलं. आपल्याला रांगायची गरज नाही. पुण्या-मुंबईची माणसं एवढा खर्च करून ज्या किनाऱ्यावर येतात तिथे आपण पाहुणे आल्याशिवाय जातच नाही, तर मंगळवारी संध्याकाळी दोघंच जा, मुलांना न घेता. जत्रेला दशावतार बघायला रात्रभर बसा, मध्ये उठून भजी खा. एकमेकांचं काम शिका, त्याने भाकरी थापायची, तिने स्कूटर चालवायची. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होईल, वाळूत बसून बोलायचं काय हेच सुचणार नाही, मग परत मुलांच्या परीक्षेवर गाडी येईल. येऊ दे, तरी पुढच्या मंगळवारी परत जा.