भाड्याच्या घरातील भिंतींसाठी काढता येण्याजोगी सजावट

भाड्याच्या घरात भिंत सजवताना बहुतेक जण आधी चित्र निवडतात, मग ते कसे लावायचे याचा विचार करतात, आणि ते काढायचे कसे हा प्रश्न घर सोडण्याच्या आठवड्यात पुढे येतो. हा क्रम उलटा करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सजावट कशी काढायची हे आधी ठरले, की ती कशाची करायची आणि कशाने लावायची याची उत्तरे आपोआप सोपी होतात. काढताना काय होईल हे मात्र मुख्यतः भिंतीवरच्या रंगावर अवलंबून असते. एकाच पाकिटातली चिकटपट्टी एका खोलीत स्वच्छ निघते आणि दुसऱ्या खोलीत रंगाचा पोपडा घेऊन येते, ती याच कारणाने.

काम सुरू करण्यापूर्वी भाडेकरार काढून खिळे, स्टिकर आणि रंग यांविषयीच्या अटी वाचाव्यात, आणि ज्या भिंतींना हात लावायचा आहे त्यांची दिवसाच्या उजेडात, तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. आधीचे डाग, भोके आणि पोपडे त्यांत स्पष्ट दिसले पाहिजेत. अनामत रकमेवरून पुढे वाद झाला, तर ही छायाचित्रे उपयोगी पडतात.

भिंतीची पारख

कोरडा तळहात भिंतीवरून फिरवून पाहावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर भिंतीला चुना किंवा साधे डिस्टेंपर लावलेले आहे असे समजावे. अशा रंगाचा थर मुळातच भिंतीला सैल धरून असतो, त्यामुळे चिकटपट्टी त्या थराला चिकटते आणि ओढली की थरच भिंतीपासून सुटतो. पट्टी कितीही चांगली असली, तरी हा दोष तिला झाकता येत नाही. हात कोरडा आणि स्वच्छ राहिला, तर ओलसर पांढरे कापड एका कोपऱ्यात हलकेच घासावे. कापडावर रंग उतरला, तर पाण्यातील खळीने चिकटवायची सजावटही त्या भिंतीला चालणार नाही. कापड स्वच्छ राहिले, तर रंग बहुधा प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंट असतो, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक पद्धती तिथे वापरता येतात.

नव्याने रंगवलेल्या भिंतीबाबत घाई करू नये. इमल्शनचा थर काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण तो आतून पूर्ण घट्ट व्हायला साधारण चार आठवडे जातात. तोवर त्यावर काहीही चिकटवू नये. जिथे ओल आहे, रंग फुगला आहे किंवा खार फुटून पांढरे कण दिसत आहेत, ती जागा कायमची वर्ज्य समजावी. खडबडीत पोताच्या भिंतीवर पट्टी फक्त उंचवट्यांना टेकते, त्यामुळे तिथे तिची पकड निम्म्याहूनही कमी असू शकते.

शेवटची चाचणी मास्किंग टेपची, म्हणजे रंगकामात वापरायच्या सौम्य कागदी चिकटपट्टीची. कपाटामागे किंवा दाराआड, जिथे डाग पडला तरी दिसणार नाही अशा जागी बोटभर तुकडा नीट दाबून लावावा, 24 तास राहू द्यावा, आणि मग त्याचे टोक उलटे दुमडून भिंतीलगतच हळूहळू ओढावे. हा टेप रिचर्ड ड्र्यू यांनी 1925 मध्ये थ्रीएम कंपनीत तयार केला, तो मोटारी दोन रंगांत रंगवणाऱ्या कारागिरांसाठी. आधी दिलेला रंग न उखडता निघणे हेच त्याचे मूळ काम होते. इतक्या सौम्य पट्टीबरोबरही रंग येत असेल, तर त्या भिंतीला चिकटवण्याचा विचार सोडून द्यावा आणि भिंतीला न चिकटणाऱ्या सजावटीकडे वळावे.

खळीने लावलेले कापड

माझ्या मते भाडेकरूसाठी सर्वांत समाधान देणारी पद्धत हीच आहे. सुती कापडाचे आकार कापून ते कॉर्नफ्लोअरच्या खळीने भिंतीवर लावले, तर ते भिंतीवर रंगवल्यासारखे सपाट बसतात, आणि कोमट पाण्याने भिजवले की सुटतात. एका कोपऱ्यातली वेल असो किंवा संपूर्ण भिंतभर भौमितिक नक्षी, साहित्य स्वयंपाकघरातलेच लागते आणि कापड पुन्हा वापरता येते. अट एवढीच, की भिंत पाण्याने पुसता येणारी असावी आणि खोली दमट नसावी, कारण ओलाव्यात खळीवर बुरशी धरते.

कापड पातळ आणि घट्ट विणीचे सुती घ्यावे. जाड कापड स्वतःच्या वजनाने खाली सरकते आणि कृत्रिम धाग्याचे कापड खळ नीट शोषत नाही. ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे कारखान्यातील कांजी निघून जाते आणि ते भिंतीवर आटत नाही. गडद रंगाच्या कापडाचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात रात्रभर दाबून ठेवावा. त्याचा रंग उतरला, तर ते कापड बाद करावे, कारण भिंतीवर उतरलेला कापडाचा रंग पुसून जात नाही.

खळीसाठी पाव कप कॉर्नफ्लोअर पाव कप थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवावे, आणि दोन कप उकळत्या पाण्यात ते मिश्रण सतत ढवळत बारीक धारेने सोडावे. पाणी थंड असताना पिष्टाचे कण नुसते तरंगत असतात. तापमान साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसला पोहोचले, की ते पाणी शोषून फुगतात, मिश्रण दुधाळ असलेले पारदर्शक होऊ लागते, आणि त्याच क्षणी त्याला चिकटपणा येतो. म्हणून रंग बदलेपर्यंत शिजवावे. कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर पांढरी भुकटी होऊन गळते. कोमट होईपर्यंत ती निवू द्यावी, आणि फार दाट वाटली तर थोडे गरम पाणी घालून रंगासारखी प्रवाही करावी. उरलेली खळ फार दिवस टिकत नाही, तेव्हा लागेल तेवढीच करावी.

भिंत कोरड्या कापडाने पुसून घ्यावी, खाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्रे अंथरावीत आणि जवळच्या बटणांच्या पाट्यांपासून ओले काम दूर ठेवावे. रुंद ब्रशने भिंतीवर खळीचा पातळ थर द्यावा, त्यावर कापडाचा आकार वरच्या कडेपासून टेकवत खाली आणावा, हाताने मध्यापासून कडांकडे हवा काढावी, आणि मग कापडावरून पुन्हा एक थर फिरवावा. हा वरचा थर टाळू नये, कारण तो कडांचे धागे बांधून ठेवतो आणि त्या उसवत नाहीत. आकाराबाहेर आलेली खळ ओली असतानाच स्पंजने टिपून घ्यावी. पूर्ण वाळायला एक दिवस द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी एखादी कड उठलेली दिसली तर तिच्याखाली बोटाने थोडी खळ सारून दाबावी. मोठ्या भिंतीचे काम असेल, तर आधी तळव्याएवढा एकच आकार लावून आठवडाभर पाहावा, मग तो काढून भिंत तपासावी आणि त्यानंतरच पुढे जावे.

ताणून काढायच्या पट्ट्या आणि हलक्या चौकटी

ज्यांना चौकटीतली चित्रे हवी आहेत, त्यांच्यासाठी ताणून काढायच्या पट्ट्या योग्य आहेत. या पट्टीचे शेपूट, म्हणजे ओढण्यासाठी मोकळे ठेवलेले टोक, भिंतीला समांतर ओढले, की ती रबरासारखी लांबत आणि पातळ होत जाते आणि तिची पकड टोकापासून क्रमाक्रमाने सुटत जाते, त्यामुळे रंगावर सरळ बाहेरचा ओढा येत नाही. साधी दुहेरी फोमची चिकटपट्टी दिसायला अशीच असली, तरी तिच्यात ही सोय नसते. तिला उचकटून काढावे लागते, म्हणून भाड्याच्या भिंतीवर ती मुळीच वापरू नये.

वजनाचा हिशेब आधी करावा. 30 बाय 42 सेंटीमीटरच्या चित्रावरची 2 मिलिमीटर जाडीची काच एकटीच सुमारे 630 ग्रॅम भरते. त्याच मापाचे ॲक्रिलिक सुमारे 300 ग्रॅम, आणि साधा कागद जेमतेम 10 ग्रॅम. म्हणजे ओझे चित्राचे नसते, त्याच्या आवरणाचे असते. म्हणून काच काढून ॲक्रिलिक बसवावे, किंवा त्याहून बरे म्हणजे फोमबोर्डवर (दोन कागदांमध्ये हलका फोम असलेल्या पुठ्ठ्यावर) चित्र अथवा कापड ताणून बसवलेली चौकट स्वतः करावी. फोमबोर्ड हव्या त्या मापाचा कापावा, कापड चारी बाजूंनी 5 सेंटीमीटर जास्त ठेवावे, आधी समोरासमोरच्या दोन बाजू आणि मग उरलेल्या दोन बाजू ओढून मागे चिकटवाव्यात, आणि कोपरे पाकिटासारखे दुमडावेत. मागच्या बाजूला कापड नसलेला सपाट भाग राहील अशी काळजी घ्यावी, कारण पट्टी कापडावर टिकत नाही. जाड चौकटीपेक्षा पातळ चौकट नेहमी बरी. वस्तूचे वजन भिंतीपासून जितके दूर, तितकी ती पट्टीची वरची कड बाहेर खेचते, आणि पट्ट्या बहुतेक वेळा वरच्या कडेपासूनच सुटू लागतात.

पट्टी लावायची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसून वाळू द्यावी. तेही आधी आडजागी तपासावे, आणि साबणाचे किंवा चमक आणणारे द्रव वापरू नयेत, कारण त्यांचा थर मागे राहतो. पट्टी भिंतीवर 30 सेकंद पूर्ण जोराने दाबावी आणि वस्तू अडकवण्यापूर्वी किमान एक तास थांबावे. पट्टीवरचा गोंद अतिशय घट्ट द्रवासारखा वागतो; रंगाच्या सूक्ष्म खाचांत पसरायला त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ न दिल्यामुळेच पुष्कळ चौकटी पहिल्या रात्रीत पडतात. पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मेच वजन टांगावे, असे मी सुचवेन. पलंगाच्या उशाशी, शेगडीच्या वर आणि न्हाणीघराच्या दमट भिंतीवर या पट्ट्या लावू नयेत.

टेपची रेखाकृती

मास्किंग टेपचाच सुबक भाऊबंद असलेला वॉशी टेप, म्हणजे रंगीत, नक्षीदार कागदी चिकटपट्टी, गुळगुळीत भिंतीवर रेषांची नक्षी, खोट्या चौकटी किंवा झाडाची बाह्यरेषा काढायला उत्तम. तो नुसत्या नजरेने लावू नये. दोऱ्याला जड वस्तू बांधून ओळंबा सोडावा, आणि मोजमापाच्या खुणा टेपच्याच बारीक तुकड्यांनी कराव्यात, कारण पेन्सिलच्या खुणा फिक्या रंगावरून पुसताना डाग पसरतो. कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींवर घेऊन कात्रीने कापाव्यात. भिंतीवर कटर चालवू नये. टेप लावताना ताणू नये, कारण ताणलेला टेप आटून कडांना उठतो. उन्हात तापणाऱ्या भिंतीवरचा टेप काही महिन्यांनी बदलावा, नाहीतर गोंद मागे राहू लागतो.

भिंतीला न चिकटणारे उपाय

भुकटी सुटणाऱ्या भिंतींच्या खोलीतही मन मारून राहण्याचे कारण नाही. मोठी चौकट टेबलावर किंवा रुंद कपाटावर ठेवून मागे टेकवता येते. तिच्या खालच्या कडेला रबराचे तुकडे लावावेत, म्हणजे ती घसरत नाही, आणि वरच्या कडेमागे मऊ कापडाची गादी द्यावी, म्हणजे रंगाला ओरखडा पडत नाही. पडद्याच्या दांडीवरून कापडी चित्र सोडता येते. आधीच्या रहिवाशाने ठोकलेला खिळा असेल, तर त्याला एकच आडवी काठी टांगून तिच्यावर दोऱ्याने अनेक कार्डे लावता येतात. अरुंद बोळात दोन भिंतींच्या मध्ये स्प्रिंगची दांडी घट्ट बसवून तीवर विणलेले किंवा छापील कापड सोडले, तर दांडीची टोके सोडता भिंतीला काहीच लागत नाही.

काढताना

खळीचे कापड कोपऱ्यातून उचलून पाहावे. ते सहज येत नसेल, तर कोमट पाण्याच्या स्पंजने भिजवून दहा मिनिटे थांबावे आणि मग वरून खाली सोलावे. मागे राहिलेली खळ स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावी. ती ओली असताना दिसत नाही, पण वाळल्यावर चमकदार डाग दिसतो आणि किडेही येतात. पट्टीचे शेपूट खालच्या दिशेने, भिंतीला अगदी लागून, सावकाश ओढावे आणि ती मूळ लांबीच्या कित्येक पट ताणली गेली तरी थांबू नये. शेपूट तुटले, तर केस वाळवण्याच्या यंत्राने जागा मंद गरम करून वस्तूच्या मागून मजबूत दोरा करवतीसारखा फिरवावा. टेप आणि स्टिकरसाठीही हीच मंद ऊब उपयोगी पडते. राहिलेला गोंद स्वच्छ बोटाने चोळून त्याची गोळी करावी, किंवा मऊ खोडरबराने टिपावा. तेल लावून गोंद काढण्याचा उपाय काचेवर चांगला, पण मॅट रंगाच्या भिंतीवर तेल मुरते आणि तो डाग गोंदापेक्षा वाईट दिसतो.

चौकट काढल्यावर तिच्या आकाराचा गडद चौकोन दिसला, तर तो डाग नाही. भोवतालचा रंग उन्हाने फिका पडला आणि झाकलेला भाग मूळ रंगाचा राहिला, एवढाच त्याचा अर्थ. घासून तो जात नाही, म्हणून खूप ऊन येणाऱ्या भिंतीवरील वस्तूंच्या जागा अधूनमधून बदलत राहाव्यात. आणि एवढी काळजी घेऊनही कुठे रंग निघालाच, तर अंदाजाने मिळताजुळता रंग लावू नये. जुन्या रंगावर नव्या रंगाचे ठिगळ दुरूनही ओळखू येते. घरमालकांना आधी सांगावे, मूळ रंगाचे नाव आणि क्रमांक विचारून घ्यावा, उखडलेल्या कडा बारीक पॉलिश कागदाने सपाट कराव्यात, आणि तोच रंग छोट्या रोलरने पातळ थरांत द्यावा.