व्हेनिसमध्ये दोन युरोत गोंडोला

गोंडोलाच्या अर्ध्या तासाच्या फेरीचा सरकारी दर दिवसा ९० युरो. मुलं तर "एकदा तरी बसूया ना" म्हणून पाठ सोडत नाहीत. त्यांना त्रागेत्तोत, म्हणजे कालवा पार करून देणाऱ्या गोंडोला नावेत बसवा.

ग्रँड कॅनॉल या शहरातल्या मुख्य कालव्यावर पूल चारच. म्हणून ठरावीक धक्क्यांवरून मोठी गोंडोला माणसांना या काठावरून त्या काठावर सोडते. पुढे एक, मागे एक असे दोन वल्हेकरी असतात. पर्यटकाला माणशी साधारण २ युरो पडतात.

१. स्त्रादा नोव्हा रस्त्याने का' दोरो या महालाजवळच्या सान्ता सोफियाच्या छोट्या चौकात या. पाण्याकडे 'त्रागेत्तो' अशी पाटी दिसते.
२. सुटे युरो हातातच ठेवा, पैसे तिथेच रोख द्यायचे.
३. समोर उतरलात की थेट रिआल्तोचा मासळीबाजार. सकाळीच जा, दुपारी ओटे धुऊन मोकळे झालेले असतात. रविवारी-सोमवारी मासळी नसते.

फेरी दोन-तीन मिनिटांचीच, पण पाणी अगदी हाताशी. आमची धाकटी उतरायलाच तयार नव्हती, परत त्याच वाटेने आलो. तरी चौघांचे मिळून १६ युरोच झाले!

एक मात्र सांभाळा. नाव डुलते, तेव्हा चढताना वल्हेकऱ्याचा हात धरून पाय मधोमध टाका आणि लहान मुलांना, आजी-आजोबांना आधी बसवा. संध्याकाळी ही सेवा बंद होते.