एक बॉक्स, अनेक टीव्ही: जोडताना या चुका टाळा

पहिली चूक खरेदीतच होते. स्प्लिटर हवा असतो आणि घरी येतो स्विच, कारण दोन्ही डब्या दिसायला सारख्याच. स्प्लिटर एका सेट-टॉप बॉक्सचं चित्र अनेक टीव्हींना वाटतो. स्विच अनेक बॉक्सपैकी एक निवडून एकाच टीव्हीला देतो. स्प्लिटर बरोबर घेतला तरी सगळ्या टीव्हींवर चॅनेल एकच दिसणार. हॉलमध्ये मॅच आणि बेडरूममध्ये मालिका हवी असेल, तर दोन बॉक्स आणि एचडीएमआय मॅट्रिक्स लागतो, म्हणजे कुठल्याही बॉक्सचं चित्र हव्या त्या टीव्हीला देणारी डबी. (एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी, बॉक्स-टीव्हीमधली नेहमीची जोडणी.)

दुसरी तक्रार नेहमीची: स्प्लिटर लावला आणि हॉलमधल्या फोर-के टीव्हीचं चित्र उतरलं. लगेच केबल बदलू नका. प्रत्येक टीव्ही आपल्याला काय झेपतं ते बॉक्सला कळवत असतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. बेडरूममध्ये जुना १०८०पी, म्हणजे फुल एचडी टीव्ही असेल, तर बरेच स्प्लिटर दोघांनाही झेपेल तेच मागतात, म्हणजे १०८०पी. आवाजाचंही तेच: सराउंड जाऊन साधा स्टिरिओ उरतो. खात्री करायची तर जुन्या टीव्हीची केबल स्प्लिटरमधून काढा आणि बॉक्स बंद करून पुन्हा चालू करा. फोर-के परत आलं, तर कारण सापडलं. मग बॉक्सकडे कोणतं चित्र मागायचं ते ठरवणारं ईडीआयडीचं बारीक बटण स्प्लिटरवर आहे का बघा. नसेल, तर जुन्या टीव्हीपुरतं चित्र १०८०पीवर आणणारा, म्हणजे डाउनस्केलिंगवाला स्प्लिटर घ्या. माझ्या मते घरात नवे-जुने टीव्ही मिसळलेले असतील तर सुरुवातीलाच तो घेतलेला बरा.

मेनू दिसतो, पण सिनेमा लावला की पडदा काळा? हा एचडीसीपीचा, म्हणजे कॉपी-संरक्षणाचा घोळ. फोर-के सिनेमांना बहुधा एचडीसीपी २.२ लागतं, आणि ते बॉक्स, स्प्लिटर, टीव्ही सगळ्यांकडे हवं. साखळीतली एक कडी जुनी असली तरी चित्र अडतं.

लांब केबल ओढताना घाई नको. फोर-के ६० हर्ट्झसाठी १८ गिगाबिट प्रतिसेकंद एवढा वेग लागतो. साधी तांब्याची केबल सात-आठ मीटरपुढे गेली की चित्रात ठिपके चमकतात किंवा ते मधूनच जातं. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी केबल वापरा. तिची दोन टोकं वेगळी असतात: ‘सोर्स’ लिहिलेलं बॉक्सकडे, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं टीव्हीकडे. भिंतीत घालण्याआधी जोडून बघा, उलटं टोक नंतर फार महागात पडतं. एचडीएमआयचं चित्र लांब नेणारा एचडीबेसटी एक्स्टेंडर नेटवर्क केबलवर चालतो खरा, पण ती केबल थेट एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हवी; मध्ये राउटर चालत नाही.

राहिला रिमोट. आतल्या खोलीतून चॅनेल बदलायचं तर रिमोटचा इशारा बॉक्सपर्यंत पोचवणारा आयआर एक्स्टेंडर लागेल. आणि एक टीव्ही बंद केल्यावर बॉक्सही झोपत असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना चालू-बंद करण्याची सोय, बंद करा.