ज्वारीत खोडमाशीला प्रतिकारक वाण निवडताना या चुका टाळा

"सर, एकाही ताटाला पोंगेमर नाही, वाण सापडला!" असा फोन दर हंगामात येतो. पोंगेमर म्हणजे खोडमाशीच्या अळीमुळे कोवळ्या ताटाचा मधला पोंगा वाळणं. माझा प्रश्न ठरलेला: शेजारच्या डीजे ६५१४ मध्ये पोंगेमर किती? खोडमाशीला हमखास बळी पडणारा हा वाणही हिरवागार उभा असेल, तर माशी शेतात आलीच नव्हती. मग निवड कशाची केली?

एका रब्बीत पाऊस लांबला, वाफसा मिळेना, आमची चाचणी ऑक्टोबरच्या मध्यावर पेरली गेली. पीक देखणं आलं. तरुण सहकाऱ्याने उत्साहात, निवडलेल्या ताटांचं शुद्ध बी धरायला, कणसांना पिशव्या घातल्या. मी अडवलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. पुढच्या वर्षी तेच बी सप्टेंबरात पेरलं आणि महिन्याच्या आत ओळीच्या ओळींचे पोंगे वाळले. ओढला की पोंगा अलगद हातात येई, बुडाला कुजका वास. दोन हंगाम वाया गेले.

तेव्हापासून चाचणीच्या पेरणीच्या २० दिवस आधी, तिच्या ओळींच्या अधूनमधून येतील अशा, बळी पडणाऱ्या वाणाच्या चार-चार ओळी मी पेरतोच. उगवणीनंतर आठवड्याने त्यांत ओली केलेली मासळीची भुकटी टाकतो. वासावर माश्या येतात. हे काम नकोसं वाटून टाळणाऱ्याच्या निवडीवर मी विश्वास ठेवत नाही.

बीजप्रक्रिया केलेलं बी चाचणीत नको. त्यात औषधाचा गुण दिसतो, वाणाचा नाही.

पानांची चकाकी ही प्रतिकाराची एक खूण, पण ती भर दुपारी पाहू नका. उगवणीनंतर १०-१२ दिवसांनी, सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. पण नुसत्या चकाकीवर भाळूही नका. आयएस १८५५१ या प्रतिकारक वाणात चकाकीबरोबर पानांवर बारीक लवही आहे. ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा कंटाळा फार जण करतात.

संकरित वाणात एकच पालक प्रतिकारक घेऊन भागत नाही. नर चांगला आणि नरवंध्य मादी (जिचे परागकण निकामी असतात तो मादी पालक) कच्ची असली, की संकर माशीपुढे टिकत नाही. मादी सुधारायला वर्षं लागतात, म्हणून लोक ती वाट सोडतात. ती सोडू नका.

पोंगेमर एकदाच मोजून वही मिटू नका. मी उगवणीनंतर २१ व्या आणि २८ व्या दिवशी मोजतो, आणि त्याआधी १४ व्या दिवशी गुडघ्यावर बसून पानं उलटतो. खालच्या बाजूला, मध्यशिरेला समांतर, पांढरं लांबट अंडं सापडतं. बहुतेकदा एका पानावर एकच.